सहकार्यही शिकावे लागते

पुणे जिल्ह्यातील वेल्ह्याच्या डोंगराळ मुलखात, राजगडाच्या पायथ्याशी पाली नावाचे गाव आहे. गडाच्या पाली दरवाज्याला नाव मिळाले ते या गावाकडून चढणाऱ्या वाटेमुळे. भोर आणि वेल्हे हा सगळा भाग भरपूर पावसाचा आणि भाताचा. पावसाने जोर धरला की चिखलणी आणि लावणी ही दोन्ही कामे थोड्या दिवसांत उरकावी लागतात. अशा वेळी ज्याच्या गोठ्यात एकच बैल आहे, त्याने काय करावे? दोन बैलांचा नांगर एका बैलाने ओढवत नाही. आपल्या शेतकऱ्यांनी यावर फार पूर्वीच तोड काढली. तिचे नाव सावड. एक बैल माझा, एक तुझा. आज तुझे खाचर, उद्या माझे. लावणीच्या वेळी माणसांचीही अशीच सावड होते.

विद्यार्थी मित्रहो, या सावडीतल्या दोन गोष्टी नीट ध्यानात घ्या. पहिली अशी, की दोघांपैकी एकालाही हे काम एकट्याने पुरे करता येत नाही. दुसरी अशी, की सावडीत कोणी कोणावर उपकार करीत नाही. आज जो घेतो, तो उद्या देतो. मदत एका बाजूनेही होऊ शकते. सहकार्याला मात्र दोन्ही बाजू लागतात.

आज आपल्याला विचार करायचा आहे तो शाळेतल्या सावडीचा. ज्यांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता येत नाही किंवा ज्यांना समजायला अधिक वेळ लागतो अशी मुले आणि इतर मुले एका वर्गात बसतात, तेव्हा त्यांना एकत्र काम करायला कसे शिकवावे? हा प्रश्न केवळ चांगुलपणाचा आहे असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात त्याचे शास्त्र आहे, आणि ते प्रयोगांतून उभे राहिले आहे.

असमान बैलांचे जू

सुरुवात आपल्या ओळखीच्या तरफेपासून करू. नांगराचा लांब दांडा जुवाच्या मध्यावर बांधला, तर दोन्ही बैलांवर सारखा भार येतो. पण सावडीतले दोन बैल सारख्याच ताकदीचे असतील असे थोडेच आहे? समजा, एक बैल तीन भाग ओढू शकतो आणि दुसरा दोन भाग. दोघांच्या मानांमधले अंतर १२० सेंटिमीटर आहे. आता दांडा मध्यावर न बांधता दमदार बैलापासून ४८ सेंटिमीटरवर, म्हणजेच दुसऱ्यापासून ७२ सेंटिमीटरवर बांधला, तर काय होईल?

३ × ४८ = १४४, आणि २ × ७२ = १४४.

दोन्ही बाजूंची आघूर्णे समान झाली. जू तिरके होत नाही, नांगर सरळ चालतो, आणि प्रत्येक बैल आपल्या कुवतीइतका भार ओढतो. हलक्या बैलाला जुवातून सोडून बांधावर उभे करावे लागले नाही. त्याला दमदार बैलाइतकेच ओढण्याची सक्तीही झाली नाही. बदलली ती फक्त दांडा बांधण्याची जागा.

वर्गातही नेमके हेच करायचे असते. कामाची बांधणी बदलायची, म्हणजे प्रत्येक खांद्यावर जू राहते आणि कोणाचीही मान मोडत नाही.

एका वर्गात बसवले म्हणजे झाले का?

आपल्या देशात दिव्यांग मुलांना सर्वसाधारण शाळेत शिकता यावे यासाठी केंद्र सरकारने १९७४ साली एक योजना सुरू केली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे, आणि ‘समावेशक शिक्षण’ म्हणजे काय तेही सांगितले आहे. त्या व्याख्येचे दोन भाग आहेत. दिव्यांग आणि इतर मुले एकत्र शिकतील हा पहिला भाग. शिकवण्याची पद्धत निरनिराळ्या प्रकारच्या दिव्यांग मुलांच्या गरजेनुसार बदललेली असेल हा दुसरा.

पहिला भाग पुष्कळ ठिकाणी पाळला जातो, दुसरा मागे राहतो. डोंगरातल्या लहान गावात तर वेगळी विशेष शाळा नसतेच. गावची शाळा हीच सर्वांची शाळा. मूल वर्गात येते, हजेरीपटावर खूण होते. मग प्रयोगाचा तास येतो. चौघांच्या गटातला एक जण प्रयोग करतो, दोघे बघतात आणि चौथ्याला सांगितले जाते, ‘तू वही धर.’ तासाच्या शेवटी त्याच्या वहीत दुसऱ्याने काढलेले आकडे उतरलेले असतात. कोणी त्याला वाईट बोललेले नसते. उलट सगळे त्याच्याशी प्रेमानेच वागलेले असतात. तरीही वर्षभर शाळेत बसून त्याने विज्ञानाचे एकही मापन केलेले नसते. त्याचे हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

केवळ जवळ आणल्याने माणसे जोडली जात नाहीत, हे दाखविणारा एक प्रसिद्ध प्रयोग १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात झाला. मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अकरा-बारा वर्षांची २२ मुले एका शिबिरात नेली आणि त्यांचे दोन गट केले. स्पर्धा लावल्यावर दोन्ही गटांत वैर निर्माण झाले. मग शेरीफने त्यांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र चित्रपट दाखवला. वैर कमी झाले नाही. जेवणाच्या वेळी खाण्याचे पदार्थच एकमेकांवर फेकले गेले! पुढे शिबिराचे पाणी बंद पडले, आणि एकदा खाणे आणायला निघालेला ट्रक सुरू होईना. अर्थात या अडचणी शेरीफनेच घडवून आणल्या होत्या. ट्रक ओढायला दोन्ही गटांची ताकद लागणार होती. जो दोर त्यांनी रस्सीखेचीत एकमेकांविरुद्ध ओढला होता, तोच ट्रकला बांधून सर्वांनी मिळून ओढला. अशी काही कामे झाल्यावर हळूहळू मैत्री जमू लागली.

ही मुले सगळी धडधाकट होती, आणि वर्गात सहसा वैर नसते, दुर्लक्ष असते, हा फरक लक्षात ठेवायला हवा. पण प्रयोगातला धडा आपल्याला लागू पडतो. एकत्र बसण्याने जे साधले नाही, ते एकमेकांवाचून अडणाऱ्या कामाने साधले.

तुकड्यांचा धडा

१९७१ साली टेक्सासमधील ऑस्टिन शहरात निराळीच अडचण उभी होती. वंशभेदामुळे आजवर वेगळ्या शाळांत शिकणारी मुले नुकतीच एका वर्गात आली होती आणि वर्गात तणाव होता. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने पाहिले, की शिक्षकांनी प्रश्न विचारायचा आणि मुलांनी एकमेकांवर कुरघोडी करीत हात वर करायचे, अशी वर्गाची घडी आहे. त्याने घडीच बदलली. पाच-सहा मुलांचा गट केला, धड्याचे तितकेच तुकडे केले आणि प्रत्येकाला एकेकच तुकडा दिला. परीक्षा मात्र सबंध धड्यावर. आता शेजाऱ्याचे ऐकल्यावाचून कोणाचीच सुटका नव्हती.

एका गटात इंग्रजी अडखळत बोलणारा एक मुलगा होता. तो अडखळला की बाकीचे त्याला चिडवत. तेव्हा देखरेख करणाऱ्याने त्यांना रागे भरले नाही. परीक्षा थोड्याच वेळात आहे आणि या मुलाजवळचा भाग त्यात येणार आहे, एवढेच सांगितले. मुलांनी चिडवणे सोडले आणि त्याला नेमके प्रश्न विचारू लागली. नीट प्रश्न विचारले की तो नीट सांगतो, हे त्यांना कळले. त्याच्याजवळ सांगण्यासारखे पूर्वीही होते. विचारण्याचे कौशल्य इतरांजवळ नव्हते, ते आता आले.

दिव्यांग मुलांच्या बाबतीत असेच काम अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डेव्हिड जॉन्सन आणि रॉजर जॉन्सन या भावांनी केले. यातला रॉजर विज्ञान-शिक्षणाचा प्राध्यापक होता. १९७९-८० च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मतिमंद आणि इतर मुलांना एकत्र बॉलिंग खेळायला दिले. जड चेंडू घरंगळवून टोकाच्या दहा खुंट्या पाडायचा हा खेळ. काही गटांना सांगितले, ‘प्रत्येकाने आपापले गुण वाढवा.’ काहींना सांगितले, ‘सगळ्यांचे मिळून गुण वाढवा.’ खेळ तोच, मुलेही तशीच. बदलली ती फक्त गुण मोजण्याची रीत. दुसऱ्या प्रकारच्या गटांत मुले एकमेकांना शाबासकी देणे, कसे टाकावे ते सांगणे, धीर देणे हे पुष्कळच अधिक करताना आढळली.

आपल्या महाराष्ट्रात कोल्हापूरला नसीमा हुरजूक यांनी हा विचार शाळेच्या रूपाने उभा केला. सोळाव्या वर्षी कमरेखालचे शरीर लुळे पडल्यापासून त्या चाकाच्या खुर्चीत आहेत. १९८४ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. संस्थेने जवळच उचगावला समर्थ विद्यामंदिर काढले, ते केवळ दिव्यांग मुलांसाठी नव्हे. परिसरातली इतर मुलेही त्याच बाकांवर यावीत अशीच त्या शाळेची रचना केली.

करून पाहा : ध्वनीचा वेग

आता आपण एक प्रयोग असा बांधू या, की त्यात कोणालाही ‘वही धर’ असे सांगता येणार नाही. साहित्य साधे आहे : दोन लाकडी फळ्या, सेकंद मोजणारे घड्याळ, एक डबा, मूठभर चिंचोके आणि एक चाक. समोर मोठी सपाट भिंत किंवा कातळ आणि त्यापुढे मोकळी, कठीण जमीन हवी.

गटात पाच जण घ्या. प्रत्येक गटात सर्व प्रकारची मुले असतीलच असे नाही. पण असली, तर कामाची वाटणी अशी होऊ शकते.

१. अंतर मोजणारा. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाजवळ मापनाचे उत्तम साधन आधीच आहे. चाकाचा व्यास ६० सेंटिमीटर असेल, तर परीघ सुमारे १८८.५ सेंटिमीटर. भिंतीपासून सरळ मागे येत चाकाच्या ४५ फेऱ्या केल्या, की अंतर ४५ × १.८८५ = ८४.८ मीटर. खुर्ची नसेल तर सायकलचे चाक घ्या.

२. फेऱ्या मोजणारी. चाकाला लाल चिंधी बांधा. चिंधी खाली आली की डब्यात एक चिंचोका टाकायचा. आकडेमोड सावकाश करणाऱ्या मुलीला हे काम चांगले जमते. ते महत्त्वाचेही आहे. एक चिंचोका चुकला तर अंतरात जवळजवळ दोन मीटरचा फरक पडतो.

३. ताल धरणारा. फळ्या एकमेकींवर आपटायच्या, प्रतिध्वनी ऐकायचा, आणि पुढचा ठोका नेमका प्रतिध्वनीवर पडेल असा ताल जमवायचा. ताल जमला की प्रतिध्वनी वेगळा ऐकू येत नाही. यात डोळ्यांचे काही काम नाही. दिसत नसलेला मुलगा हे करू शकतो. अंध म्हणजे कान तीक्ष्णच असा मात्र नियम नाही. त्यालाही सराव करू द्या.

४. वेळ मोजणारी. ऐकू न येणारी मुलगी फळ्यांकडे पाहून ठोके मोजील आणि घड्याळ चालवील. ताल जमला हे तिला कसे कळणार? ताल धरणाऱ्याने मान हलवायची, अशी खूण आधी ठरवावी लागेल.

५. नोंद करणारा. त्याच्याजवळ एकही आकडा नाही. चौघांकडून आकडे घेतल्यावाचून त्याचे गणित सुरूच होत नाही. उत्तर त्याने मोठ्याने वाचायचे आणि लिहून दाखवायचे, म्हणजे सर्वांपर्यंत पोचेल.

एका ठोक्यापासून पुढच्या ठोक्यापर्यंत आवाज भिंतीपर्यंत जाऊन परत येतो. असे २० कालांतर मोजायला ९.८ सेकंद लागले, तर

वेग = (२ × ८४.८ × २०) ÷ ९.८ = सुमारे ३४६ मीटर दर सेकंदाला.

हवेचे तापमान २५ अंश सेल्सिअस असताना ध्वनीचा वेग ३३१ + (०.६ × २५) = ३४६ मीटर दर सेकंदाला येतो. उत्तर जुळले!

२० कालांतर कशासाठी? एकच प्रतिध्वनी मोजला तर वेळ जेमतेम अर्धा सेकंद. घड्याळ दाबण्यातच सुमारे ०.२ सेकंदाची चूक होऊ शकते, म्हणजे शेकडा ४० चूक. तीच चूक ९.८ सेकंदांत वाटली गेली की शेकडा २ उरते.

उत्तर चुकले तर

सहकार्याची खरी परीक्षा उत्तर चुकल्यावर होते. समजा, तुमचे उत्तर ३६४ आले. अशा वेळी गटातल्या सगळ्यांच्या नजरा कोणाकडे वळतात, ते पाहा. ‘तिनेच चिंचोके चुकवले असतील,’ असे कोणीतरी पटकन म्हणेल.

थांबा, आणि तपासा. ४५ ऐवजी ४४ चिंचोके मोजले गेले असते, तर अंतर ८२.९ मीटर धरले जाऊन उत्तर ३३८.५ आले असते. ते कमी व्हायला हवे होते. इथे तर वाढले आहे. म्हणजे एक चिंचोका राहून गेला, हा आरोप टिकत नाही. आता ठोके पाहू. घड्याळ सुरू करताना पहिल्या ठोक्याला ‘शून्य’ म्हणायचे असते. त्याला ‘एक’ म्हटले, तर विसाव्या ठोक्यापर्यंत कालांतर १९ च होतात आणि वेळ ९.३१ सेकंद येते. गणितात मात्र आपण २० धरले. करून पाहा : ३३९२ ÷ ९.३१ = ३६४. चूक सापडली. पहिल्या ठोक्याला काय म्हणायचे हे पाचांपैकी कोणीच आधी ठरवले नव्हते, तेव्हा ही चूक एकट्या मुलीची नसून सबंध गटाची आहे.

‘कोणी चुकवले?’ या प्रश्नाऐवजी ‘हा आकडा कुठून आला?’ असे विचारण्याची सवय हे विज्ञानाचेही कौशल्य आहे आणि सहकार्याचेही.

कोणती कौशल्ये शिकवायची?

‘मिळून मिसळून वागा’ एवढे सांगून ही कौशल्ये येत नाहीत. पोहणे जसे पाण्यात उतरून, तशी ही कामातून शिकावी लागतात. अंध मित्राशी बोलताना ‘इकडे’, ‘तिकडे’ हे शब्द निरुपयोगी ठरतात; ‘तुझ्या उजव्या हाताला, दोन पावलांवर’ असे सांगावे लागते. ऐकू न येणाऱ्या मैत्रिणीशी बोलताना तिच्यासमोर उभे राहावे, तोंडावर हात धरू नये, खुणांची भाषा तिच्याकडून शिकून घ्यावी. चाकाची खुर्ची विचारल्यावाचून ढकलू नये. जो सावकाश बोलतो त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, वाट पाहावी.

दिव्यांग मुलांनाही काही गोष्टी शिकाव्या लागतात. मला काय हवे ते स्पष्ट सांगणे, नको असलेली मदत नम्रपणे नाकारणे, आपल्या मापनावर कोणी शंका घेतली तर न रागावता ते पुन्हा करून दाखवणे, ही त्यांची बाजू. दया म्हणून त्यांची चूक झाकली, तर त्यांचे शिकणे तेथेच थांबते.

आणखी एक सावधगिरी हवी. आंधळ्या-पांगळ्याची जुनी गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. आंधळ्याने पांगळ्याला खांद्यावर घेतले आणि दोघेही सुखरूप ठिकाणी पोचले. गोष्ट छान आहे, पण त्यातला आंधळा जन्मभर फक्त पाय राहतो आणि पांगळा फक्त डोळे. वर्गात असे होऊ देऊ नका. दुसऱ्या फेरीत कामे बदला. दर मीटरला गाठ मारलेला दोर दिला, की दिसत नसलेला मुलगा गाठी चाचपून अंतर मोजू शकतो. चिंचोके मोजणारी मुलगी फळ्या वाजवू शकते. नोंदणीदाराची वही चाकाच्या खुर्चीतल्या मुलाकडे जाऊ द्या, आणि नोंदणीदाराला सायकलचे चाक ढकलू द्या.

शिक्षकांसाठी शेवटची एक सूचना. प्रयोगापूर्वीच्या एखाद्या तासाला दहा मिनिटे शांतपणे पाहा आणि कागदावर खुणा करा : दिव्यांग मुलाशी कामाबद्दल कोण, किती वेळा बोलले, आणि तो किती वेळा बोलला. ‘बस’, ‘थांब’, ‘वही धर’ हे शब्द मोजू नका. ‘किती आले?’, ‘पुन्हा मोज’, ‘मला असे वाटते’ हे मोजा. वर सांगितल्यासारखे चार-पाच प्रयोग झाल्यावर पुन्हा दहा मिनिटे मोजा. दोन आकडे शेजारी ठेवले, की आपण दांडा योग्य जागी बांधला आहे की तो अजून सरकवायला हवा, ते तुम्हाला कळेल.